दोन हंगामांचा गुलाल

ये, अशी जवळ सरक जरा. कान धरायचा आहे तुझा. तू तिकडं तुझ्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, मी इकडं जळगाव जामोदला माझ्या ओट्यावर. हात पोचत नाही, म्हणून कागदावरूनच धरते.

नर्स होऊन तुला वर्ष नाही झालं, आणि परवा फोनवर काय बोललीस गं? "आजी, थे बाई पुन्हा आली. खालच्या अंगाचे मस जाळून देले होते, दोन महिन्यांत पुन्हा तितकेच. मले तर वाटते तिचं वागणंच धड नसंल." आणि वरून हसलीस. सख्ख्या बहिणीची नात नसतीस तर फोन तिथंच ठेवून दिला असता. पण ठेवला नाही. कारण हेच वाक्य मी पण एकदा मनात म्हटलं होतं, तोंडातून एक शब्द न काढता. आणि त्याच्या आधी एक चूक केली होती, तिच्यापायी एका पोरीचं घर मोडायला आलं होतं. ते सगळं तुला माहीत नाही. तुला फक्त एवढंच माहीत की आजी एका डॉक्टरीणबाईकडं कामाला होती. तर आज त्या बाईंची गोष्ट सांगते. चहा ठेव आणि वाच.

त्यांचं नाव लिहीत नाही. ज्या बाईनं जन्मभर कोणा पेशंटचं नाव दारात उच्चारू दिलं नाही, तिचं मी कशाला उच्चारू? आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणायचो. कातडीच्या डॉक्टर. उंच, काटकुळ्या, साडी घोट्याच्या वर, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात नाड्याला बांधलेलं एक भिंग. सकाळी घरी बुद्धवंदना म्हणायची आणि थेट दवाखाना. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढं पत्र्याचा मांडव, दोन बाकं. तिथं मी एकवीस वर्षं झाडलं, सामान उकळलं, नंबर पुकारले. चौथी शिकलेली मी. वाचायची सवय औषधांच्या खोक्यांवरून लागली, म्हणून माझ्या लिहिण्यात कुठं मलमाचा वास आला तर चालवून घे.

दवाखान्याची पाटी आधी सांगते. रंगाऱ्यानं सुंदर अक्षरात 'त्वचारोग व गुप्तरोग' लिहिलं आणि शिडीवरून खाली पाहत शाबासकीची वाट बघत होता. बाई रस्त्यावरून ओरडल्या, "गुप्त काऊन लिहिलं बे?"

"मॅडम, सगळेच लिहितात."

"कानाच्या डॉक्टरनं लिहिलं का गुप्तकान म्हणून? अंग हाये थे. जसा कान, तसं. पूस."

त्यानं पुसलं, पण रंग काही जुळला नाही. पाटीवर एक पांढरा डाग राहिला तो राहिलाच. गावात पत्ताच तसा पडला, पुसलेल्या पाटीचा दवाखाना. ऑटोवाल्याला तेवढं सांगितलं की पुरे.

'बे' म्हणायला त्यांना लहानमोठं नव्हतं. एकदा एक मोठे साहेब अंधार पडायच्या सुमारास मागच्या दारानं आले, तोंडाला रुमाल. बाई म्हणाल्या, "बे साहेब, पुढून या. खरूज तुमच्याकडं मागच्या दारानं आली होती का?" साहेब खरंच फिरून पुढून आले. बाकावर दोन म्हाताऱ्यांच्या मधात बसले. पुढच्या वेळी स्वतःच पुढून आले आणि म्हाताऱ्यांना पेरू घेऊन आले.

नावं पुकारायची नाहीत, हा पक्का नियम. चिठ्ठीवर पिकाचं नाव. मी दारात उभी राहून ओरडायची, "करडई, आत या! तीळ, तयार राहा!" त्यावरूनही भांडणं. एक बाबा हटून बसले, "माह्या वावरात जन्मभर कपाशी. म्या करडई कायले होऊ?" बाई आतून म्हणाल्या, "दे बे त्याले कपाशी. आधीच खाजवून राह्यला, अजून कायले रडवते?"

दारात एक पत्र्याची बादली असायची. तंबाखू, खर्रा, मिश्री, जे असेल ते आधी बादलीत, मग पाय आत. दुपारी बारा ते एक बाई तपासायच्या टेबलावरच झोपायच्या, बाहेर कितीही रांग असो. कोणी कुरकुर केली तर झोपेतून उत्तर यायचं, "माह्या रखवालदाराइले आराम नको का?" हे रखवालदार कोण, ते सांगते पुढं.

आणि एक प्रश्न त्या दवाखान्यात बंद होता. 'हे कोणाकडून झालं?' हा. नवऱ्यानं विचारला तर नवरा बाहेर, सासूनं विचारला तर सासू बाहेर. एकदा पेशंटनंच स्वतःबद्दल विचारला, तर बाई म्हणाल्या, "मले नाई माहीत, तुले नाई माहीत, अन् ज्याच्याकडून झालं त्यालेबी नाई माहीत. आता चड्डीची साइज सांग, सुती घ्यायची."

आता गुलालाचा डबा. स्टीलचा, झाकणावर लाल चिकटपट्टी. बाईंचे वडील त्यांच्या गावी तीन वेळा ग्रामपंचायतीला उभे राहिले. दुसऱ्या वेळी मतमोजणीच्या पहिल्या फेरीत ते पुढं होते. माणसांना दम निघाला नाही, गुलाल उधळला, त्यांना खांद्यावर घेऊन तहसीलच्या पटांगणात नाचवलं. शेवटच्या फेरीत पडले. बाई तेव्हा फ्रॉकमध्ये. त्या सांगायच्या, "बाप गुलालानं लाल, अन् तोंड पांढरं. माय विहिरीवर त्याचं डोकं धुऊन राह्यली अन् पाणी लालच निघून राह्यलं. तवाच ठरवलं, शेवटची फेरी झाल्याबिगर गुलाल नाई."

म्हणून त्यांच्या दवाखान्यात ज्याचा चिवट आजार जायचा, गजकर्ण म्हणा, मस म्हणा, त्याला शेवटी गुलालाचा टिळा. "आला बे निवडून!" असं ओरडून लावायच्या. पण केव्हा? खरीप आणि रब्बी, दोन्ही हंगाम अंगावर काही उगवलं नाही तर. त्याच्या आत एक दिवस नाही. गल्लीतून कोणी कपाळावर गुलाल लावून निघालं की पानटपरीवाला उठून हात जोडायचा. काय आजार होता ते कोणाला कळायचं नाही, जिंकला एवढं कळायचं. आसपासच्या खेड्यांत सुद्धा पक्कं झालं होतं की पुसलेल्या पाटीचा गुलाल म्हणजे आजार मुळासकट गेला.

तर जवस. तिच्या चिठ्ठीवर ते नाव होतं, आणि मी तेच म्हणते. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका खेड्यातली सून, चोवीस-पंचविशीची, घरी शिवणकाम करायची, तीन वर्षांची एक लेक. पहिल्यांदा आली तेव्हा तिला बाकावर बसवत नव्हतं. खालच्या अंगाला मस आले होते, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्यावर चुना आणि सोडा लावला होता. मस तसेच, भोवतालची कातडी भाजून निघालेली. बाईंनी आधी ती जखम भरली, मग मशीननं मस जाळले. दीड महिन्यानं पुन्हा आले. पुन्हा जाळले. दोन्ही वेळा बाई तिला म्हणाल्या, "मस गेला म्हणजे काम संपलं नाई. येत जा." आणि ती येत गेली. काही नव्हतं, तरी पंधरा दिवसांनी येऊन दाखवून जायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ती आली, आणि बाई नेमक्या भाचीच्या लग्नाला चिखलीकडं गेलेल्या. दवाखान्यात मी एकटी, भिंती पुसत होते.

"मावशी, सहा हप्ते झाले. एकबी नाई," ती म्हणाली. चेहरा असा उजळलेला की काय सांगू. "घरी सगळे हायेत सणाले. सासूबाई माह्या हातचं पाणी घेत नाईत दोन महिन्यांपासून. मले गुलाल लावून द्या ना. थो पाहिला म्हणजे मानतीन."

मला नियम माहीत होता. एकवीसातली बारा वर्षं झाली होती तेव्हा मला. पण सणासुदीचा दिवस, आणि समोर लेकीच्या वयाची पोर, सासूच्या हातावर पाणी ठेवायला तडफडणारी. मी डबा उघडला. अंगठ्यानं ठसठशीत टिळा लावला, आणि वरून बाईंसारखं ओरडले सुद्धा, "आली बे निवडून!" ती माझ्या पाया पडली. मी पण रडले. आपण फार मोठं काम केलं असं वाटून घरी आले, पुरणपोळी केली आणि बाईंना त्यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतर ती आलीच नाही. कशाला येईल? गुलाल लागला होता.

आली ती पावसाळा लागून महिना झाल्यावर. डोळे सुजलेले. आत तपासून झालं आणि बाई हात धूत म्हणाल्या, "आले पुन्हा." मी तेव्हा तिच्यासाठी पाणी घेऊन उभी होते. आणि माझ्या मनात ते आलं. गुलाल मीच लावला होता, तरी मला वाटलं, बरी झाली होती चांगली, पुन्हा कुठून आणलं हिनं? तोंडातून काही नाही निघालं. पण ग्लास मी टेबलावर आपटला. थोडं पाणी तिच्या साडीवर सांडलं.

बाईंनी ग्लासाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ग्लास असा काऊन ठेवला बे?"

माझ्याऐवजी बोलली ती. खाली मान घालून सांगत गेली. घरात पुन्हा मस आल्याचं कळलं तसं सासूनं सरळ हिशोब मांडला होता. गुलाल लागला होता, सगळ्यांनी पाहिला होता, म्हणजे आजार गेला होता. मग आता आला तो नवा. नवरा तर घरीच असतो, म्हणजे ही कुठं गेली होती? रविवारी बैठक. तिच्या बापाला आणि भावाला बोलावलं होतं. तिला माहेरी पाठवायचं, आणि लेक ठेवून घ्यायची.

"गुलाल?" बाई म्हणाल्या. "कोणता गुलाल?"

मी म्हटलं, "म्या लावला."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा उचलला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली भिंगाच्या नाड्याला बांधली. मग मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, जवसाच्या शेजारी, आणि ताट काढलं.

हे ताट म्हणजे त्यांचं शिकवायचं सामान. एका डब्यात हरभरे, एका डब्यात तीळ. ताटात मूठभर हरभरे टाकून म्हणाल्या, "हे रखवालदार. रक्तातल्या पेशी. अंगात चोर शिरला की काठी घेऊन धावतात." मग थोडे तीळ टाकले. "हे तंटामुक्तीवाले. हेबी पेशीच. याइचं काम काय, तर 'जाऊ द्या हो, बसा खाली' म्हणायचं. हे नसले तर रखवालदार घरच्याच माणसाइले झोडपतीन, म्हणून हेबी पाहिजेत. पण बेतानं." आणि मग त्यांनी तिळाचा डबा ताटात पालथा घातला. हरभरे दिसेनासे झाले. "मस घडी घडी येतो ना, त्या जागी असं झालं असते. रखवालदार थोडे, अन् थेबी थकलेले. समजूत घालणारे बख्खळ. चोर कातडीत मांडी घालून बसला, घरच्याचेच कपडे घालून. कोणी उठायले लागला की हे म्हणतात, बसा हो. मशीननं म्या काय जाळलं? चोराची टोपी. चोर आतच होता. आता सांग, ही पोर कुठं गेली होती?"

मी म्हटलं, "कुठंच नाई."

"मंग तिले पाणी दे. नीट."

मी दुसरा ग्लास आणला, दोन्ही हातांनी दिला. तिनं घेतला. घेतला गं तिनं, हे मी विसरत नाही.

बाई तिला म्हणाल्या, "रविवारी म्या येऊ का? तुह्या बीमारीचं नाव तुह्या घरात निघन. तू नाई म्हणशील तर उंबऱ्यात पाय नाई ठेवणार."

जवस खूप वेळ साडीवरचं ते ओलं बोटानं चोळत राहिली. मग म्हणाली, "या. पण मावशीलेबी आणा. गुलाल त्याइनं लावला."

रविवारी सकाळी आम्ही पहिल्या बसनं निघालो. बाईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत ताट आणि दोन डबे. मला रस्ताभर घाम. बाई शांतपणे शेंगा खात होत्या आणि टरफलं रुमालात जमा करत होत्या.

ओसरीवर मोठी सतरंजी. मधात जवसाचे मोठे सासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले काका, पांढरं धोतर, मिशा. गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष तेच. त्यांच्या बाजूला सासू, सासरे, खांबाला टेकून नवरा, आणि दाराजवळ पाहुण्यासारखे अवघडून बसलेले जवसाचे वडील आणि भाऊ. दारात आणि भिंतीवरून अर्धी गल्ली. बाईंनी आधी गल्ली हाकलली. "तमाशा नाई हा. घरचे थांबा, बाकीचे आपापल्या कामाले." मग सतरंजीवर मांडी घातली, बुटांसकट, आणि ताट काढलं.

सासू म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण डोळ्यानं पाह्यलेलं खोटं कसं म्हणाव?"

"म्हणू नका. पाहा." बाईंनी हरभरे टाकले, तीळ टाकले, मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. मग काकांकडं वळल्या. "अध्यक्ष, तुमच्या समितीत माणसं किती?"

"हायेत वीसेक."

"अन् गावात रखवालदार?"

"एकच. थोबी म्हातारा." काका हसले, मग एकदम हसायचे थांबले. ताटाकडं पाहत राहिले. म्हणाले, "म्हणजे हिच्या अंगात आमचीच माणसं जास्त झाली म्हणता?"

"तुमच्यासारखीच. चांगल्या मनाची. पण चोरासमोर हात जोडून राह्यली."

काकांना ते पटलं असावं, कारण मिशीवरून हात फिरवायला लागले. पण सासू पक्की. "थे सगळं खरं. पण मंग गुलाल कसा लागला? तुमच्याच दवाखान्याचा गुलाल. म्हणजे एकदा गेलं होतं. गेलेलं परत येते का?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या सांगू शकल्या असत्या. सांगितलं नाही.

मी उठले. म्हटलं, "गुलाल बाईनं नाई लावला. म्या लावला. दोन हंगाम जाऊ द्यायचे असतात, म्या सहा हप्त्यांत लावला. बाईले न विचारता. हिची काई चूक नाई. मतमोजणी चालू होती, अन् म्या पहिल्याच फेरीत गुलाल उधळला."

आणि मग त्या काकांनी मांडीवर जोरात थाप मारली. "पहिल्या फेरीत? अवो मावशी!" त्यांचा आवाज असा होता की जणू त्यांचंच काही गेलं. "पहिल्या फेरीतला गुलाल कोणी धरते का? म्या स्वतः धुतलाय थो डोक्यावरून!" जवसाच्या सासूकडं वळून म्हणाले, "तिसऱ्या वॉर्डातून म्या उभा राह्यलो थे आठवते का? सकाळी मिरवणूक, दुपारी तोंड लपवून घरी. म्या मधात कुठं जाऊन पाप करून आलो होतो का? मतं मोजून झाली नव्हती, एवढंच!"

इतकं ताट, इतके तीळ, इतके हरभरे, पण सासूला कळलं ते या वाक्यानं. मी तिचा चेहरा पाहत होते. आखडलेली मान हळूहळू सैल झाली. ती जवसाकडं पाहायला लागली, किती दिवसांनी पाहत होती कोणास ठाऊक.

"पण पहिल्यांदा आलं कुठून?" ती तरी पुटपुटली.

"थे कोणीच नाई सांगू शकत," बाई म्हणाल्या. "महिनोन्‌महिने, वर्षं वर्षं गुपचूप बसून राहते थे कातडीत. लग्नाच्या आधीचं असू शकते, नंतरचं असू शकते, याच्याकडून तिले, तिच्याकडून याले. मस पाहून कोणाचं बोट कोणाकडं करता येत नाई. जो डॉक्टर करते, थो खोटं बोलते."

तेवढ्यात खांबाला टेकलेला नवरा बोलला. पहिल्यांदाच. "मलेबी होता एक." सगळ्यांच्या माना फिरल्या. "हिच्या आधी. घोड्याचा केस बांधून पाडला. लाजेनं कोणाले सांगितलं नाई."

सासू उठलीच. हात उगारून लेकाकडं निघाली, "अरे मेल्या, अन् म्या या पोरीले..."

"हात खाली!" बाई अशा गरजल्या की बाहेरच्या बकऱ्या सुद्धा दचकल्या. "एकीवरचा उचलला तर दुसऱ्यावर ठेवायचा नाई. त्याच्यावरबी आरोप नाई. दोघंबी सोमवारी या. याची चिठ्ठी अंबाडी."

जवसाच्या बापानं तेव्हा पहिल्यांदा पाय पसरले. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, पिठलं, ठेचा. पाणी जवसानं वाढलं, आणि सासूनं सगळ्यांच्या देखत आधी आपला तांब्या पुढं केला.

मग सुरू झाली खरी लढाई. या वेळी बाईंनी वेगळा मलम दिला. त्याची मजा अशी की तो मस मारत नाही, तो रखवालदारांना हाक मारतो. "लाल होईन, चुणचुणेन, घाबरायचं नाई," बाई म्हणाल्या. "पहारेकरी पोचले असं समजायचं. लयच सोललं तर थांबायचं अन् मले दाखवायचं." आठवड्यातून तीन रात्री लावायचा, सकाळी धुवायचा. नवऱ्यानं निरोध वापरायचा. जवसाचं रक्त कमी होतं, ते वाढवायला गोळ्या. साखर तपासली, दोघांचं बाकीचं रक्त तपासलं, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घेतली. ती चांगली निघाली. हे मस करणारे विषाणू आणि तिथला कॅन्सर करणारे बहुतेक वेगळ्या जातीचे असतात, तरी तपासणी सोडायची नाही, हे बाई प्रत्येकीला सांगायच्या. तू पण सांगत जा. अंबाडीचा खर्रा बादलीत गेला. आणि शिवणकामापायी जवस चार तास झोपायची, ते बंद केलं सासूनं. स्वतः मशीनवर झाकण घालायची.

मधात एकदा दोन बारके मस आले. जवस रडकुंडीला. बाईंनी ताट काढलं, मूठभर हरभरे वाढवले, चिमूटभर तीळ उचलले. म्हणाल्या, "मागं किती होते? आता दोन. पलडा फिरून राह्यला बे." तिथून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते दोन गेले, त्यानंतर काही नाही. खरिपात सोयाबीन निघालं, काही नाही. रब्बीचा हरभरा घाट्यांवर आला, काही नाही. सोंगून झाला, तरी काही नाही.

ज्या दिवशी शेवटची तपासणी होती, त्या दिवशी जवस, अंबाडी, सासू आणि कडेवर नात, सगळं घर आलं. बाईंनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, हात धुतले. पडदा सारून बाहेर आल्या. नाड्याची गाठ सोडली. आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "बाई, मी नको."

"काऊन नको? आता शेवटची फेरी झाली. लाव."

मी कुलूप काढलं. डबा उघडला. अंगठा बुडवला आणि जवसाच्या कपाळावर केसांपर्यंत लावला. या वेळी मला एकटीला ओरडावं लागलं नाही. बाई ओरडल्या, जवस ओरडली, अंबाडी ओरडला, आणि बाहेरच्या बाकावरचे म्हातारे, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, ते सुद्धा ओरडले, "आली बे निवडून!" नातीला वाटलं होळी आली, तिनं डब्यात दोन्ही हात घातले आणि आजीच्या गालाला फासले. सासू म्हणाली, "लाव माय, लाव. म्या बी मिश्री सोडली, मलेबी हक्क हाये." पानटपरीवाला रस्त्यावर उभा राहून एकेकाला हात जोडत होता.

जवसाला त्यानंतर कधी आलं नाही. तिचं आता बसस्टँडजवळ शिवणकामाचं दुकान आहे. माझे ब्लाऊज तीच शिवते. माप घ्यायच्या आधी मला पाणी देते, दोन्ही हातांनी.

बाईंनी पुढं दवाखाना बंद केला, वडिलांच्या गावी गेल्या. तिथं तिळाचं वावर करतात. जाताना सगळं सामान वाटलं. ताट एका नव्या डॉक्टरला दिलं. बादली त्यांना कोणी मागितली नाही, ती सोबत नेली. डबा मला. मी म्हटलं, "ज्या बाईनं चूक केली तिलेच काऊन देता?" त्या बूट घालता घालता म्हणाल्या, "ज्यानं एकदा लवकर उधळला, थोच नीट थांबते."

तर आता ऐक. उद्या ती बाई आली की तिला आधी पाणी दे. ग्लास आपटायचा नाही. पुन्हा आले म्हणजे ती वाईट नाही, तिचे रखवालदार मागं पडले आहेत, एवढं तिला तोंडानं सांग, तिच्या नवऱ्यालाही बोलाव, आणि दोघांना हंगाम मोजायला लाव. डॉक्टरांना विचारून औषध बदलून घे. धीर धर, तिलाही धरायला लाव.

आणि तू ये गं. लवकर ये. तिकडून नांदुऱ्यावरून थेट बस आहे, कारणं सांगू नको. डबा माझ्या कपाटात आहे, दर महिन्याला झाकण उघडून पाहते, गुलाल कोरडा आहे अजून. माझे आता गुडघे चालत नाहीत, पण तुझे चालतात. तिचे दोन हंगाम भरले की तुला तो लागेल. ये, आणि घेऊन जा.